ओलं वजन

जलपर्णीचं बिल ओल्या वजनावर निघतं.
शंभर किलो उपसा, आठवडाभर उन्हात टाका,
हातात उरते पाच-सहा किलो.
बाकी पाणी.
तीन वर्षं मी घणसोलीच्या धारण तलावावर
वजनकाट्याच्या पावत्या फाइलला जोडत होतो,
म्हणजे पालिका पाण्याचे पैसे मोजत होती
आणि ते पाणी डंपरच्या फळीतून
ठाणे-बेलापूर रस्त्यावर गळत होतं.

ती पुन्हा यायचीच.
एखादा तुटका कोंब मागं राहिला
की महिन्याभरात या काठाची त्या काठाला
सतरंजी.
खरं सांगतो, फुलायची तेव्हा राग धरवत नसे.
फिकी जांभळी, वरच्या पाकळीवर मोराचा डोळा.
कुणीतरी हौसेनंच आणली असणार.
लिंबाजीनं एकदा तुरा खोचला होता
पोकलेनच्या आरशाला.

हजेरीपुस्तकाच्या मागच्या पानावर
मी पक्षी लिहायचो. कारकुनाची खोड.
पाणकोंबडी: हजर, पाच.
ढोकरी: हजर. पानांवर उभी,
खालचा मासा दिसत नाही, तरी उभी.
तलवार बदक: गैरहजर, वर्ष दुसरं.
टिबुकली: गैरहजर.
बुडी मारायला तिला
परातीएवढं तरी उघडं पाणी लागतं.

धाकलीबाई मढवी शेळ्या घेऊन बांधावर यायची.
तिचं भाताचं खाचर या तलावाच्या पोटात गेलंय.
एकदा म्हणाली,
"किती वर्सा उपसताव रं?
ही गोऱ्या पान्याची हाय.
पुनवंचे भरतीला उघारी सोर."
मी साताऱ्याकडचा.
मला ऐकू आलं, उधारी.

मग तिनं काठीनं दाखवली:
तिवरांच्या मुळांत रुतलेली झडप,
खाडीचं पाणी आत घ्यायची, बाहेर सोडायची.
ती उचलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.
तांबोळीसाहेबांच्या टिपणीत 'उघाडी' बसेना.
'भरती-नियंत्रक द्वार' असं लिहिलं
तेव्हा मंजुरी आली.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकची भरती.
चौघांनी चाकाला पहार लावली.
आधी गंज आला,
मग वास,
मग खाडी.
साहेब क्षार मोजायचं यंत्र पेटीतून काढत होते.
धाकलीबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं:
"आजून थोरी."
पुन्हा लावलं.
"बास. नायतं मासली मरंल."
यंत्राचा आकडा आला तोवर
झडप खाली आली होती.

दहाव्या दिवशी सतरंजी तपकिरी.
मग कुजली. समोरच्या टॉवरमधून
सतरा तक्रारी, मी सगळ्या आवक केल्या.
शेवटचं कुजकं लिंबाजीच्या टोळीनं
गुडघाभर गाळात उभं राहून ओढलं.
नाल्याच्या तोंडाशी लव्हाळा आहे तेवढा ठेवला,
कारण पाणकोंबड्या बावरल्या होत्या.
ज्या गालिच्याला मी तीन वर्षं शिव्या दिल्या
तो त्यांचं अंगण होता, हे मला
त्या निघून गेल्यावर कळलं.
पाचांतल्या दोन लव्हाळ्यात राहिल्या.
तिघींचं मला माहीत नाही.

आता काठाला चिखल उघडा पडलाय.
शेकाट्या: हजर, अकरा.
लाल काटक्यांवर चालतात,
साडी उचलून पाण्यातून जावं तशा.
या महिन्याच्या पावतीवर
वजन: निरंक.

आणि वजनच नाही म्हणून ठेका नाही.
पुढच्या पानावर लिंबाजीच्या नावापुढं
मी आडवी रेघ मारली.
तो हदगावला गेला म्हणतात, किंवा तळोज्याला.
बाकीच्यांचे फोन लागत नाहीत.

मागचं पान उघडं आहे.
मघाशी टिबुकली आली,
पाण्याला जराही न हलवता खाली गेली.
ती कुठं वर येईल सांगता येत नाही.
धाकलीबाई म्हणते, त्या नळाच्या बाजूला.
मला वाटतं, नाही.
पेनाचं टोपण काढून बसलोय.